रणातली बेरीज आणि गावचा पंचनामा

खंडाळा म्हटले की पुष्कळांना बोरघाट आठवतो; थंड हवा, धबधबे आणि आगगाडीचे बोगदे आठवतात. आपल्याला आज जायचे आहे ते साताऱ्याच्या खंडाळ्याला. पुण्याहून दक्षिणेला निघावे, शिरवळजवळ नीरा ओलांडावी, आणि खंबाटकीचा घाट चढायच्या आधी जे गाव लागते ते हे खंडाळा. या रस्त्याने फौजा गेल्या, व्यापारी गेले, त्यांना लुटणारेही गेले. लष्करात भरती होण्यासाठी या जिल्ह्यातली पोरे बाहेर पडली, ती याच मुलखातून. म्हणून युद्धातली हिंसा आणि घरची गुन्हेगारी यांची तुलना करायची, तर त्यासाठी ही जागा सोयीची आहे. दोन्हींची ओळख या मातीला फार जुनी आहे.

ही तुलना करावी तरी कशाला, असे आपण विचाराल. तर ती आपण सगळे करतोच. चावडीवर, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत कोणीतरी हमखास म्हणतो, "अहो, लढाईत काय माणसे मरतात! त्याहून जास्त आपल्या घरी मरतात." हे म्हणणारा काही वाईट हेतूने म्हणत नाही. कधी त्याला लढाईची भीती कमी करायची असते, कधी घरच्या बंदोबस्ताची उणीव दाखवायची असते. आणि गंमत अशी की, आकडे त्याच्या बाजूने उभे राहतात. १९९९ च्या कारगिल युद्धात आपले ५२७ जवान कामी आले. आता २०२२ हे वर्ष घ्या. त्या एका वर्षात देशभर खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. म्हणजे दिवसाला ७८. सात दिवसांचा हिशेब केला तर तो ५४७ होतो. झाले! कारगिलचे अख्खे युद्ध आपल्या एका आठवड्यापेक्षा स्वस्त पडले, असे म्हणायला कागदावर काही हरकत दिसत नाही.

पण जरा थांबा. घरात गव्हाचे पोते निवडताना ताटभर गव्हात चार खडे निघाले आणि पोतेभर गव्हात दहा निघाले, तर कोणता गहू वाईट? चाराच्या आकड्यावरून हे ठरत नाही, दहाच्याही नाही. किती गव्हात किती, हे पाहावे लागते. देशाची वस्ती १४० कोटींच्या घरात. त्यात वर्षाला २८,५२२ म्हणजे सुमारे ४९ हजार माणसांमागे एक. कारगिलच्या आघाडीवर आपले सैन्य गुंतले होते ते सुमारे ३० हजार. त्यातले ५२७ म्हणजे ५७ माणसांमागे एक. आणि तेही वर्षात नव्हे, मेच्या आरंभापासून २६ जुलैपर्यंतच्या पुऱ्या तीन महिनेही नसलेल्या अवधीत. आता सांगा, आपल्या मुलाला आपण कुठे पाठवाल?

हा हिशेब केवळ आपल्याकडे चुकतो असे नाही. २००३ नंतर अमेरिकेचे सैन्य इराकमध्ये लढत होते, तेव्हा तिकडेही काही मंडळींनी तिथे पडलेले शिपाई आणि आपल्या शहरांतले खून यांची शेजारी-शेजारी मांडणी केली, आणि युद्ध तसे फारसे धोक्याचे नाही असे सुचवून पाहिले. त्यांचीही चूक तीच, ताटाची आणि पोत्याची. शिवाय आणखी एक गोष्ट त्यांच्या हिशेबातून गळली होती. त्यांनी मोजले ते फक्त आपले शिपाई. ज्यांच्या देशात ही लढाई चालली होती ते इराकी लोक, त्यांची बायका-मुले, त्यांचे दुकानदार या बेरजेत कुठेच नव्हते. म्हणजे 'किती जणांत किती' या प्रश्नाच्या जोडीला दुसरा प्रश्न येतो: 'मोजले कोणाला?'

आणि इथे आपल्या साताऱ्याचा संबंध येतो. कारण ज्या इराकची ही गोष्ट, त्याच मुलखात, तेव्हा त्याला मेसोपोटेमिया म्हणत, आपल्या जिल्ह्यातली माणसे शंभर वर्षांपूर्वी मरून पडलेली आहेत.

पहिले महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झाले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात इंग्रज सरकारच्या हिंदी फौजेने बसरा घेतले. ही फौज कोणती? तर सहावी डिव्हिजन, तिचे नावच मुळी 'पूना डिव्हिजन'. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. दख्खन आणि कोकण हा या पलटणींच्या भरतीचा मुलूख, आणि त्यात सातारा जिल्हा पुढे. ही फौज तैग्रिस नदीच्या काठाने वर वर सरकत बगदादच्या जवळ जाऊन थडकली, तिथे मार खाऊन मागे फिरली आणि कुत या गावी अडकली. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला. तो चालला २९ एप्रिल १९१६ पर्यंत. घोडे आणि खेचरे कापून खाण्याची पाळी आली. शेवटी सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या हाती पडली. त्यानंतरची वाळवंटातली पायपीट आणि कैद यांत हजारो दगावले. त्यांना मारायला गोळी लागली नाही, ऊन, भूक आणि हगवण पुरली.

आता या मेलेल्यांचे पुढे काय झाले ते पाहा. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि थडगे माहीत नसलेल्या लोकांसाठी बसऱ्याला एक मोठे स्मारक बांधले. १९२९ साली ते उघडले. चाळीस हजारांवर माणसांचे ते स्मारक. गोऱ्या शिपायांची नावे त्याच्या भिंतींवर कोरली. हिंदी अंमलदारांचीही कोरली. पण साध्या हिंदी शिपायाचे नाव? ते नाही. पलटणीचे नाव द्यायचे आणि पुढे लिहायचे, यातले इतके शिपाई. बस्स. नाव नाही, बापाचे नाव नाही, गाव नाही. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये अहवाल काढून माफी मागितली. माफी मागितली हे चांगलेच केले. पण मधे एक शतक उलटून गेले होते.

आपल्याकडच्या गावांतही त्या युद्धाच्या खुणा आहेत. सातारा तालुक्यातले अपशिंगे तर 'अपशिंगे मिलिटरी' याच नावाने ओळखले जाते. त्या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा गावांतून सरकारने बसवलेल्या पाट्यांचा मजकूर ठरावीक असे: या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. म्हणजे पुन्हा आकडाच. गावाला ती माणसे माहीत होती, म्हणून गावाला आकडा पुरला. पण माहीत असणारी पिढी गेली, की दगडावर आकडा तेवढा उरतो.

आता हीच गोष्ट घराकडे वळवू या. समजा, त्याच काळात खंडाळ्याच्या आसपास एखाद्या वाडीत बांधावरून भांडण झाले आणि कुऱ्हाडीच्या घावाने एक माणूस मेला. माणूस अगदी साधा. जमीन दोन बिघे, ती सावकाराकडे गहाण. त्याच्या मरणाचे काय होई? पाटलाने ठाण्यावर वर्दी द्यायची. तसे बंधन १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने त्याच्यावर होते. मग फौजदाराने प्रेत जिथे असेल तिथे स्वतः यायचे. आजूबाजूची दोन किंवा अधिक प्रतिष्ठित माणसे पंच म्हणून बोलवायची. त्यांच्यासमोर प्रेत पाहायचे, जखमा पाहायच्या, कुठली जखम कशी आहे, कोणत्या हत्याराने झालेली दिसते, हे कागदावर उतरवायचे आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमात हे सांगितले होते. १९७३ च्या संहितेत कलमाचा आकडा तोच राहिला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो १९४ झाला. आकडे बदलले, पण पंचनामा राहिला.

पंचनाम्याची आपण पुष्कळ थट्टा करतो. पंच ठरलेले असतात, भाषा ठोकळेबाज असते, कधीकधी खोटेही लिहिले जाते. सगळे खरे. पण त्या कागदाच्या पोटात जी कल्पना आहे ती पाहा. मेलेला माणूस कितीही गरीब असो, त्याचे नाव, बापाचे नाव, वय, गाव लिहायचे. त्याच्या अंगावरचे धोतर आणि कमरेचा करदोटा लिहायचा. आणि विचारायचे की हा का मेला, कोणी मारला? ज्याने मारले त्याला नावानिशी कोर्टात उभे करायचे. ज्या सरकारने कुतला मेलेल्या शिपायाचे नाव भिंतीवर लिहिले नाही, त्याच सरकारच्या कायद्याने बांधावर मेलेल्या त्याच्या चुलत भावाचे नाव मात्र कागदावर लिहून घेतले. युद्धातल्या मृतांची बेरीज होते आणि गावातल्या मृताचा पंचनामा होतो. माझ्या मते या दोन हिंसांमधला खरा फरक इथे आहे. रक्त दोन्हीकडे तितकेच तांबडे. फरक आहे तो जाब विचारण्यात.

म्हणजे युद्ध ते युद्ध आणि गुन्हा तो गुन्हा, इतके हे सोपे आहे काय? तसे असते तर इतिहासाची गरजच पडली नसती. हिंसेला युद्ध म्हणायचे की गुन्हा, हे ठरवणाराही कोणी असतो. शिरवळचेच पाहा, शिरवळ म्हणजे खंडाळा तालुका. तिथल्या सुभानमंगळ या भुईकोटासाठी १६४८ साली शिवाजी महाराजांची माणसे आणि विजापूरकरांची फौज यांच्यात झुंज झाली. आपण तिला स्वराज्याची पहिली लढाई म्हणतो. विजापूरच्या दरबारी तीच पुंडाई होती. आणि पुढे मराठी फौजा मुलुखगिरीवर परमुलखात गेल्या, तेव्हा तिथल्या रयतेने त्यांना काय म्हटले, हेही आपण विसरू नये.

याहून ठळक गोष्ट उमाजी नाईकांची. उमाजी पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचे, जन्म १७९१ चा. रामोशी मंडळींकडे पिढ्यान् पिढ्या किल्ल्यांची राखण होती आणि त्याबद्दल त्यांना वतने होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, किल्ले कंपनीच्या हाती गेले आणि राखणदारांची भाकरी गेली. कालपर्यंत जो किल्ल्याचा पहारेकरी होता, तो आज बेकार. आणि हत्यार हातात धरले की दरोडेखोर. उमाजींनी १८२६ च्या सुमारास बंड उभारले. हा सगळा डोंगराळ टापू त्यांच्या पायाखालचा. त्यात एक सोय अशी होती की, नीरा ही तेव्हा राज्याची हद्द होती. नदीच्या उत्तरेला कंपनीचा पुणे जिल्हा, दक्षिणेला, म्हणजे खंडाळ्याच्या बाजूला, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचा मुलूख, आणि पश्चिमेला भोरच्या पंतसचिवांची जहागीर. एकाची हद्द संपली की दुसऱ्याची सुरू. पाठलाग करणाऱ्याला परवानगी लागे, पळणाऱ्याला लागत नसे.

कंपनी सरकारने उमाजींना काय म्हटले? आधी दरोडेखोर म्हटले. मग धरता येईना, तेव्हा माफी देऊन चाकरीत घेतले. ज्याला चोर म्हटले त्याच्याकडे बंदोबस्त सोपवला. ते फिसकटले, उमाजींनी १८३१ मध्ये इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा काढला, तेव्हा पुन्हा मोठे इनाम लावून त्यांना पकडले, आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी दिले. म्हणजे पाच-सहा वर्षांत तोच माणूस दरोडेखोर, सरकारी चाकर, बंडखोर आणि शेवटी फाशीचा कैदी झाला. आज आपण त्यांना आद्य क्रांतिवीर म्हणतो. याचा अर्थ त्यांच्या माणसांनी लुटलेले प्रत्येक घर इंग्रजांचे होते, असा नव्हे. लुटली गेली ती पुष्कळदा आपलीच वाणी-सावकार मंडळी. त्यांच्या घरची बाजूही इतिहासात धरली पाहिजे.

पण याहून वाईट गोष्ट पुढे झाली. उमाजींना निदान नाव होते, आरोप होता, खटला होता. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ च्या सुधारलेल्या कायद्याने त्याचा पसारा देशभर नेला. या कायद्याने काय केले? एखाद्याने चोरी केली काय, हे विचारायचेच नाही. तो कोणत्या जातीत जन्मला ते पाहायचे. आख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवायचे, आणि पोलिसांकडे हजेरी लावायची. लढाईतला सेनापती समोरच्या माणसांकडे जसे पाहतो, की हा शत्रूच्या बाजूचा, पुढचे विचारायचे कारण नाही, तशी नजर शांततेच्या काळात आपल्याच रयतेवर रोखली गेली. रामोशी समाजालाही याची झळ लागली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी हे नाव आहे ते त्यामुळे. कायदा गेला, पण हवालदाराच्या मनातून आणि आपल्या मनातून तो अजून पुरता गेला आहे, असे म्हणवत नाही. गावात चोरी झाली की पहिली शंका कोणाच्या पालावर जाते, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता १९४२ कडे या. त्या वेळी आजचा सांगली जिल्हा साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. 'चले जाव'ची हाक आली आणि सातारा जिल्ह्यात तालुक्यांच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघू लागले. ९ सप्टेंबरला खटाव तालुक्यात वडूजला परशुराम घार्गे तिरंगा घेऊन मोर्च्याच्या पुढे होते. कचेरीसमोर गोळीबार झाला. नऊ माणसे मेली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला, तिथे दोघे गेले. हे मरण कशातले धरायचे? लढाई तर नव्हती. समोर निःशस्त्र माणसे होती. गुन्हा धरावा, तर मारणाऱ्यांना फाशीच्या कलमाखाली कोणी उभे केले नाही. पंचनाम्याची ताकद इथे संपते. मारणारे हात सरकारचे असले की जाब विचारणारा उरत नाही.

मग जिल्ह्याने आपला जाब आपणच विचारायचे ठरवले. १९४३ ते १९४६ क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. आगगाडीतून सरकारी पगाराची रक्कम जात होती, ती ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ गाडी अडवून काढून घेतली गेली. १४ एप्रिल १९४४ ला धुळे खजिन्याची साडेपाच लाखांची रक्कम हस्तगत केली गेली, जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी हे त्यातले. इंग्रजांच्या दप्तरात हे दरोडे. पण याच प्रतिसरकारने दरोडेखोरांच्या टोळ्यांचा बंदोबस्तही केला. कारण पोलीस चळवळीच्या मागे लागल्यावर खऱ्या चोरांचे फावले होते. गावोगाव न्यायदान मंडळे बसली, भावकीचे तंटे मिटले. शिक्षा मात्र कडक होत्या. तळपायांवर मार बसे, आणि त्यावरून 'पत्री सरकार' हे नाव रूढ झाले. दबल्या माणसाला त्या काळात न्याय मिळाला, हे खरे. आणि चुकीच्या माणसाला मार बसला तर वर दाद मागायला दुसरी जागा नव्हती, हेही खरे. दोन्ही म्हटल्याशिवाय त्या वर्षांचा हिशेब पुरा होत नाही.

आणि त्याच वेळी याच जिल्ह्यातली पोरे कुठे होती? पुष्कळशी इंग्रजांच्या फौजेत, आफ्रिकेत आणि इटलीत. १० जुलै १९४४ ला मराठा पलटणीचे यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातले, इटलीत तैबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकटे धावून गेले आणि पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे एक सरकार, एक वर्ष. तिकडे बंदूक चालवली तर क्रॉस आणि इकडे चालवली तर वॉरंट. ज्यांच्यामागे पोलीस होते त्या नागनाथअण्णांना २००९ साली स्वतंत्र भारताने पद्मभूषण दिले. नावे अशी बदलतात. तेव्हा 'युद्ध' आणि 'गुन्हा' या शब्दांवर भिस्त ठेवून चालत नाही.

तर मग आधार कशाचा घ्यायचा? याला उत्तर देण्याआधी आपल्याच जिल्ह्याचे एक दुखरे पान उलटले पाहिजे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. मारेकरी पुण्याचा आणि जातीने ब्राह्मण. ही बातमी पसरल्यावर सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली, दुकाने लुटली गेली, काही जीवही गेले. ज्यांची घरे जळली त्यांतल्या पुष्कळांनी गांधीजींना देव मानले होते. जाळणारे कोणी परके शत्रू नव्हते. शेजारचे, त्याच विहिरीवरचे, त्याच शाळेतले होते. काही गावांत शेजाऱ्यांनीच घरांना राखले, हेही तितकेच खरे. पण कितीतरी कुटुंबे त्या आठवड्यात गाव सोडून गेली, ती परत आली नाहीत.

इथे दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. गांधीजींच्या खुनाचा खटला लाल किल्ल्यात चालला. आरोपींना नावानिशी उभे केले, साक्षी झाल्या, अपील झाले, आणि १५ नोव्हेंबर १९४९ ला दोघांना फाशी झाली. देशातल्या सर्वांत मोठ्या माणसाचा खून. तरी त्याचा जाब ज्याने केला त्याच्याकडेच मागितला. आणि आपल्या गावांतून त्याच खुनाचा जाब कोणाकडे मागितला गेला? ज्यांनी काही केले नव्हते त्यांच्याकडे, केवळ आडनाव पाहून. घर जाळणाऱ्याला त्या रात्री वाटले असेल की आपण लढाई लढतो आहोत. शांततेच्या काळात, आपल्याच आळीत, लढाईची नजर शिरते ती अशी. पुढे जाब देण्याची वेळ आली तेव्हा 'जमाव होता' हे उत्तर पुष्कळांना पुरले.

सारे जग हा धडा हळूहळू शिकत आले आहे, आणि तोही उलट बाजूने. म्हणजे लढाईच्या मैदानावर गावच्या पंचनाम्याचा थोडा तरी अंश नेण्याची खटपट चालली आहे. १८६३ साली रेडक्रॉसचा पाया घातला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५-४६ मध्ये न्यूरेंबर्गला जर्मन पुढाऱ्यांवर खटला चालला. 'वरून हुकूम होता' एवढे म्हटले की सुटलो, असे तिथे झाले नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी ठरवले की कैद्यांची नावनिशी यादी ठेवावी, मेलेल्या शत्रूचीही ओळख पटवावी, नोंद करावी, मान ठेवून दफन करावे. भारताने त्यासाठी १९६० मध्ये स्वतंत्र कायदा केला. हे करार मोडले जातात, रोज मोडले जातात. पण मोडले असे म्हणता येते, ते करार आहेत म्हणून. कुतच्या शिपायांच्या वाट्याला हे एवढेही पुरेसे आले नव्हते.

तेव्हा वाचकहो, पुन्हा त्या पंगतीतल्या माणसाकडे वळू या. तो म्हणाला, लढाईत मरतात त्याहून जास्त घरी मरतात. त्याच्याशी वाद घालू नका; त्याला दोन-तीन गोष्टी विचारा. किती जणांत किती? मोजले कोणाला, आणि सोडले कोणाला? आणि ज्यांना मोजले, त्यांतल्या प्रत्येकाच्या मरणाचा जाब कोणाला तरी द्यावा लागला काय? पहिल्या प्रश्नाने त्याची बेरीज दुरुस्त होईल. दुसऱ्याने बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली नावे आठवतील. तिसरा प्रश्न मात्र त्याला आणि आपल्यालाही जड जाईल.

कारण गाव शांत आहे की नाही, हे तिथे किती खून झाले एवढ्यावरून कळत नाही. तिथे एक माणूस मेला, तर त्याचे नाव लिहून घेऊन, दोन शहाणी माणसे बोलावून, 'हा का मेला?' असे विचारतात की नाही, यावरून कळते. ज्या गावात मेलेल्याची जात विचारून मग पंचनामा करायचा की नाही हे ठरते, तिथे बंदूक वाजत नसली तरी युद्ध चालू आहे असे समजावे.

अपशिंग्याला कधी गेलात तर त्या स्मृतिस्तंभापाशी जरूर थांबा. आणि आपल्या गावात तसली जुनी पाटी असेल, नुसत्या आकड्याची, तर म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून त्या आकड्यामागची नावे शाळेच्या वहीत उतरवून ठेवा. सोबत १९४२ मध्ये गेलेल्यांची लिहा. १९४८ मध्ये ज्यांची घरे गेली त्यांचीही लिहा. वही एकच ठेवा. मास्तरांनी मुलांकडून हे काम एका सुट्टीत करून घेण्यासारखे आहे.